परत पाठवायचं नाही

ऑकलंडला येऊन मला सात वर्षं झाली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, इथल्या संसदेच्या निवडणुकीत, पहिल्यांदाच मतदान केंद्रावर टेबलाच्या पलीकडे बसले, म्हणजे मत देणाऱ्यांच्या नाही, तर मतपत्रिका देणाऱ्यांच्या बाजूला. न्यूझीलंडचा निवडणूक आयोग दर निवडणुकीला हजारो माणसं थोड्या दिवसांसाठी कामावर घेतो. मी अर्ज केला, कुठल्याही पक्षाशी संबंध नाही असं लिहून दिलं आणि माउंट रॉस्किल भागातल्या एका हॉलमध्ये माझी नेमणूक झाली.

प्रशिक्षणात पुष्कळ गोष्टी सांगितल्या. यादी कशी बघायची, शिक्का कुठे, पाकीट कसं बंद करायचं. पण माझ्या वहीत मी एकच ओळ दोनदा अधोरेखित केली होती: मत द्यायला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. यादीत नाव सापडलं नाही, पत्ता बदललाय, दुसऱ्या मतदारसंघातला आहे, काहीही असो. आधी त्याला बसवायचं आणि मग मार्ग काढायचा.

ही ओळ माझ्या मनाला का लागली, ते सांगते. काही वर्षांपूर्वी बाबा गावी मतदानाला गेले होते. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. चाळीस वर्षं त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. त्या दिवशी यादीत नाव नव्हतं. कुणी उद्धट बोललं नाही, फक्त "नाव नाही काका" म्हणाले आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. बाबा घरी येऊन झोपाळ्यावर बसून राहिले. आई मला फोनवर म्हणाली, "जेवलेसुद्धा नाहीत." ते मला अजून आठवतं.

इथल्या आयोगाचं माओरी भाषेतलं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव आहे 'ते काइतिआकी ताके कोफिरी'. काइतिआकी म्हणजे राखणदार. कोकणातल्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. सरकार कुणाचंही असो, आयोगाने आपलं काम कसं करायचं हे मंत्री सांगू शकत नाही. आयोगाच्या सदस्यांची नेमणूक संसदेच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरल करतात. पूर्वी मतदार नोंदणी एकाकडे आणि मतदान घेणं दुसऱ्याकडे असं विभागलेलं होतं. 2010 मध्ये आजचा आयोग उभा राहिला आणि 2012 मध्ये नोंदणीही त्याच्याकडे आली. तेव्हापासून यादीत नाव घालण्यापासून शेवटचं मत मोजेपर्यंत सगळ्याला जबाबदार एकच दार आहे.

आणि हा राखणदार दारात बसून राहत नाही. निवडणुकीच्या वर्षी तो आपल्या घरी येतो. आधी टपालाने एक पाकीट येतं: तुमचं नाव, पत्ता असा असा नोंदलेला आहे, बरोबर आहे का बघा. पाकीट आलंच नाही, तर समजायचं की आपली नोंद नाही किंवा पत्ता जुना आहे. नंतर दुसरं पाकीट, त्यात ईझीव्होट नावाचं कार्ड आणि मतदान केंद्रांची व उमेदवारांची माहिती. टीव्हीवर, बसथांब्यावर, फोनवर एक नारिंगी रंगाचा कार्टून माणूस दिसायला लागतो. माझी मुलगी तीन वर्षांची असताना त्याला ओळखायची. नारिंगी रंग दिसला की मतदान, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, मतदान मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आता एक गोष्ट, जी घरी सांगितली की कुणाचा विश्वास बसत नाही. इथे मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. रेसिडंट व्हिसा हवा, वय 18 हवं आणि देशात कधीतरी सलग एक वर्ष राहिलेलं हवं. 1975 पासून हे असंच आहे. निवडणूक लढवायची असेल तर मात्र नागरिक असावं लागतं. म्हणजे भारताचा निळा पासपोर्ट खिशात असलेला माणूस इथलं सरकार निवडतो. 2021 मध्ये सरकारने एकदाच म्हणून एक खास रेसिडंट व्हिसा काढला आणि त्यावर दोन लाखांहून जास्त लोक कायमचे झाले. त्यात आपले कितीतरी. या सगळ्यांची ही पहिली निवडणूक, आणि अनेकांना आपल्याला हक्क आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्यातलाच एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. बांधकामावर काम करणारा, बुटांना सिमेंट लागलेलं, मूळचा नांदेडकडचा. तो मत द्यायला आलाच नव्हता, मित्राला गाडीतून सोडायला आला होता. माझ्या नावाची पट्टी वाचून "ताई, मराठी का?" म्हणाला. मी विचारलं, "तू दिलंस का मत?" तर म्हणे, "आपण कुठं इथले?" व्हिसा विचारला, किती दिवस झाले विचारलं. पाच वर्षं. "बस," म्हटलं.

तिथल्या तिथे नोंदणीचा अर्ज भरून घेतला; त्या निवडणुकीत तसं करता येत होतं. यादी छापून झाल्यानंतर नोंदणी करणाऱ्याला तेव्हा साधं मत देता येत नसे, स्पेशल व्होट द्यावं लागे. एक प्रतिज्ञापत्र: मी अमुक, राहणार अमुक ठिकाणी, मला मताचा हक्क आहे. त्यावर त्याची सही, साक्षीदार म्हणून आमची. मतपत्रिका पाकिटात बंद होते आणि त्या माणसाचा हक्क तपासल्यावरच ते पाकीट मोजणीला जातं. हक्क नसेल तर मत मोजलं जात नाही, पण तो निर्णय पुढे, कागद बघून होतो. भर रांगेत, लोकांसमोर, घाईत होत नाही. बाबांच्या बाबतीत नेमकं हेच हवं होतं.

तो सही करताना थांबला आणि विचारलं, "चुकलं काही तर व्हिसाला काही होणार नाही ना?" हा प्रश्न मला त्या दोन आठवड्यांत कितीतरी जणांनी विचारला. परदेशात आलेला माणूस सरकारी कागदावर सही करताना आधी घाबरतो. त्याला नियमांची माहिती तर हवीच असते, पण त्याआधी कुणीतरी शांतपणे "नाही रे, काही होत नाही" म्हणायला हवं असतं. आयोगाने ठिकठिकाणच्या लोकांना कामावर घेतलं, त्याचा उपयोग मला तिथे कळला. हिंदी, गुजराती, पंजाबी पत्रकं होतीच. पण पत्रक उलट प्रश्नाला उत्तर देत नाही.

मुदतपूर्व मतदान 2 ऑक्टोबरला सुरू झालं आणि मतदानाचा दिवस होता शनिवार, 14 ऑक्टोबर. पंचांग बघणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, हा सगळा पितृपक्ष होता आणि 14 तारखेला सर्वपित्री अमावस्या. आमच्या ओळखीच्या एक काकू मुलाकडे राहायला आल्यात, रेसिडंट व्हिसावर. त्या म्हणाल्या, "पितृपक्षात नवं काही करू नये गं, पुढच्या खेपेला देते." पुढची खेप तीन वर्षांनी. मी काही वाद घातला नाही. दोन दिवसांनी त्या स्वतःच आल्या. "हे म्हणाले असते, जाऊन ये," एवढंच बोलल्या. काका जाऊन चार वर्षं झाली.

काकूंना तिकडे एकच बटण दाबायची सवय. इथे कागदाची मतपत्रिका आणि त्यावर दोन मतं. डावीकडे पक्षाला, उजवीकडे आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. 1996 पासून ही पद्धत आहे. संसदेत कुठल्या पक्षाच्या किती जागा, हे मुख्यतः डावीकडच्या मतावर ठरतं. पाच टक्के मतं मिळाली, किंवा मतदारसंघाची एक जागा जिंकली, तर त्या पक्षाला त्याच्या मतांच्या प्रमाणात वाटा. मी काकूंना नमुन्याच्या पत्रिकेवर समजावलं: डावीकडे पंगतीत कुणाचं पान किती मोठं ते ठरतं, उजवीकडे आपल्या गल्लीतून पंगतीला कोण जाणार ते. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे माणूस एका पक्षाचा आणि मत दुसऱ्या पक्षाला, चालतं?" चालतं. इथे जन्मलेल्या अनेकांना जे नीट सांगता येत नाही, ते त्यांनी दोन मिनिटांत पकडलं.

मग हळूच म्हणाल्या, "तू कुणाला दिलंस?" आम्हाला तोंड उघडायला सक्त मनाई. पक्ष चांगला की वाईट, कोण काय करणार, एक शब्द नाही. पद्धत समजावायची, पसंती नाही. दोन्हींच्या मधली रेघ फार बारीक असते आणि दिवसभर ती सांभाळणं हे त्या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं. मी म्हटलं, "काकू, ते मी सांगू शकत नाही." त्यांना वाईट वाटलं असावं, पण मत देऊन पडद्याआडून आल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता. बोटाला शाई नाही म्हणून हात उलटसुलट करून पाहिला. त्यांना मत दिल्याचा नारिंगी स्टिकर दिला. तो त्यांनी पदरावर लावला.

मुलीच्या शाळेतही मतदान झालं. आयोगाचा मुलांसाठी एक उपक्रम आहे, त्यात वर्गात निवडणुकीचे धडे होतात आणि मग मुलं खऱ्याच पक्षांच्या आणि खऱ्याच उमेदवारांच्या नावांवर मत देतात. निकाल अर्थातच मोठ्यांचं मतदान संपल्यावर. आठवडाभर जेवताना तिच्या प्रश्नांनी आम्हा दोघांना वर्तमानपत्र नीट वाचायला लावलं. दृष्टिहीन मतदारांसाठी फोनवरून मत देण्याची सोय आहे. आधी नोंदणी करून एक गुप्त क्रमांक घ्यायचा, मग फोनवर तो सांगून मत सांगायचं. लिहून घेणाऱ्याला नाव कळत नाही.

14 तारखेच्या सकाळी गाडीने येताना रस्ते ओळखू येईनात. महिनाभर कुंपणाकुंपणावर असलेले उमेदवारांचे फलक मध्यरात्रीपर्यंत काढावे लागतात, त्या दिवशी प्रचार बंद. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मतदान. लोक कुत्री घेऊन, बाबागाडी ढकलत, फुटबॉलच्या बुटांत येत होते. ओळखपत्र दाखवावं लागत नाही. नाव, पत्ता सांगायचा. ईझीव्होट कार्ड असेल तर त्यावर यादीचं पान आणि ओळ छापलेली असते. मी पट्टी ठेवून नावावर रेघ मारायची आणि पत्रिका द्यायची. सुरुवातीला मला हे फारच भाबडं वाटलं. पण नंतर सगळ्या केंद्रांवरच्या याद्या एकमेकींशी ताडून बघतात, दोनदा मत दिलेलं दिसलं तर प्रकरण पोलिसांकडे जातं. आधी विश्वास आणि मग तपासणी, असा क्रम.

याद्या ताडायच्या, स्पेशल पाकिटं तपासायची, म्हणून अधिकृत निकालाला वीस दिवस लागले. 14 च्या रात्री नॅशनल पक्षाच्या 50 जागा दिसत होत्या आणि अ‍ॅक्ट पक्षाच्या 11, म्हणजे दोघांचं मिळून बहुमत जेमतेम जमत होतं. 3 नोव्हेंबरला अंतिम आकडे आले. स्पेशल मतं सहा लाखांच्या वर, म्हणजे पाचात एक. नॅशनल 48 वर आला, माओरी पक्ष 4 वरून 6 वर गेला. दोघांच्या सरकारला आता तिसऱ्या पक्षाची गरज पडली आणि त्यांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. नांदेडच्या मुलाचा मेसेज आला: "ताई, त्या पाकिटात माझं पण होतं."

आपल्याकडे नव्वद कोटींच्या वर मतदार. इथे सगळ्या देशात साधारण 37 लाख, एकट्या पुणे जिल्ह्यात याच्या दुपटीहून जास्त. तुलना करायला मला संकोच वाटतो. पण बाबांचं नाव यादीत नाही ही एका माणसाची गोष्ट आहे, आणि एका माणसापुरतं तर करता येतं. तेव्हा गावी मतदार याद्यांच्या दुरुस्तीचं काम सुरू होतं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून मी आणि बाबांनी यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरला. बाबा म्हणत होते, "राहू दे गं आता." जन्मतारीख विचारली तेव्हा मात्र खणखणीत आवाजात सांगितली. मग एक दिवस आईचा फोन आला, बीएलओ बाई, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, घरी येऊन गेल्या. शाळेतल्याच मास्तरीणबाई आहेत. बाबांनी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.