आमची वाटचाल: २२ वॉटचा धडा आणि साठ बोर्ड

आमच्या कॉम्प्युटर असेंब्लीच्या टेबलावर मशिन किती वीज खातं ते दाखवणारा एक जुना वॉटमीटर असतो. त्याचं मधलं बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. तो मुळात माझ्या भागीदाराचा. वेगळा झाला तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला आणि मीटर विसरला.

भांडण झालं ते ॲटमवरून. २००८ साली इंटेलचा ॲटम २३० हा छोटा प्रोसेसर आला. प्रोसेसर ४ वॉटचा म्हणून सगळ्यांनी उड्या मारल्या. त्याच्यासोबतचा ९४५जीसी चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डवरची चिप, २२ वॉटचा आहे, हे कोणी पाहिलंच नाही. इंटेलच्या त्या छोट्या बोर्डवर प्रोसेसर नुसत्या हीटसिंकवर चालायचा आणि पंखा होता चिपसेटवर! आमचा भागीदार कोटेशनवर ठळक अक्षरात ‘फक्त ४ वॉट’ लिहायचा. मी म्हणायचो, अरे, गिऱ्हाईक वीजबिल अख्ख्या मशिनचं भरतं. तो म्हणायचा, तू मास्तर हो, धंदा मी करतो. वर्षभरात ते चिपसेटचे बारीक पंखे घरघरायला लागले. बदलून द्यायला मी, आणि फोन उचलायलाही मीच. तो तोवर वेगळा झाला होता.

पुढची दहा वर्षं बरी गेली. नॉर्थब्रिजचं, म्हणजे रॅम आणि ग्राफिक्स जोडणाऱ्या चिपचं, काम प्रोसेसरने पोटात घेतलं, चिपसेट पाच-सहा वॉटवर आला, माझी तक्रार मिटली. त्या सुखानेच घात केला.

जुलै २०१९ला एएमडीचा एक्स५७० आला. पीसीआयई ४.०, म्हणजे कार्ड आणि एसएसडीसाठी दुप्पट वेगाची जोडणी, देणारा पहिलाच चिपसेट. कंपनीचाच आकडा ११ वॉट, आधीच्या एक्स४७०च्या जवळजवळ दुप्पट, आणि बहुतेक बोर्डांवर पुन्हा तोच बारीक पंखा. मी तो पंखा पाहिला, बोटाने फिरवूनही पाहिला. तरी डीलरने साठ नगांचा दर सांगितला आणि मी उधारीवर उचलले. बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की त्याच प्रोसेसरला आधीचा साधा बी४५० बोर्ड चालत होता, तोही निम्म्याहून कमी पैशात. ज्याने ॲटमवर भाषणं दिली, त्याने हे करावं!

मार्च २०२०मध्ये ऑफिसं बंद पडली, ऑर्डरी गोठल्या. जूनमध्ये एएमडीचाच बी५५० आला. पंखा नाही, स्वस्त, आणि ग्राफिक्सच्या स्लॉटला व पहिल्या एम.२ला (एसएसडीच्या खाचेला) प्रोसेसरकडून तोच पीसीआयई ४.०. म्हणजे दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना लागतं ते सगळं. माझे साठातले बेचाळीस खोक्यातच. डीलर परत घेईना, तगादा मात्र रोजचा.

अशात आमच्या लॅबवाल्या डॉक्टर मॅडमचा फोन. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक, एकोणीस मशिन्स, रात्रंदिवस चालू. म्हणाल्या, “तुमच्या जुन्या भागीदाराने बी५५०चं कोटेशन दिलंय. तुमच्यापेक्षा ८ वॉट कमी लागतात म्हणतो. तुमचा मीटर घेऊन या.”

त्याचाच मीटर घेऊन त्याचाच आकडा तपासायला गेलो. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तोच एसएसडी, पॉवर सप्लायही बदलला नाही. डेस्कटॉप उघडून अर्धा तास काही न करता सोडलं. एक्स५७० ३९, बी५५० ३१. बटण तीनदा दाबलं, आकडा हलला नाही. चोवीस तासांच्या मशिनला ८ वॉट म्हणजे वर्षाला ७० युनिट, एकोणीस मशिन्सचे तेराशेच्या वर. मी कागदावर लिहून दिलं: तो बरोबर आहे. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “मग बी५५० तुम्हीच आणून द्या.”

त्या ऑर्डरीने तीन महिने ढकलले. बेचाळीस बोर्ड हळूहळू व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना गेले, तोटा सोसून. दोन-तीन वेगवान एसएसडी आणि कॅप्चर कार्ड लावणाऱ्याला एक्स५७० खरंच लागतो, कारण चिपसेटच्या स्लॉटवरही ४.० मिळतं. बी५५०चा चिपसेट तिथे ३.०वरच थांबतो. उधारी फिटायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात, २०२१ला, पंखा नसलेला एक्स५७०एस आला, तेव्हा मी कोणाशी बोललो नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. महागडा बोर्ड घेण्याआधी त्यावर नक्की काय लावणार ते कागदावर लिहा. एएमडीचा नंतरचा एक्स६७० तर स्वस्त बी६५०चाच चिपसेट दोनदा लावून केलेला आहे, दुसरी चिप रिकामी बसली तरी वीज खाणारच. आणि बोर्ड बदलायच्या आधी बायोसमध्ये एएसपीएम आणि सी-स्टेट, म्हणजे काम नसताना जोडण्या आणि प्रोसेसर झोपवून वीज वाचवणाऱ्या सोयी, चालू आहेत का पाहा. कित्येक बोर्डांवर ते बंदच येतात, फुकटचे वॉट जातात.

भागीदाराचा गेल्या वर्षी फोन आला होता. मीटर मागत होता. मी म्हटलं, बटण बिघडलंय.