सांगली-आजरा-आंबोली-वेंगुर्ला: वळवाच्या दिवसांतला प्रवास

चैत्रात घाट उतरून कोकणात जायचं असेल तर कुठल्या दिवशी निघायचं यापेक्षा किती वाजता निघायचं हे महत्त्वाचं असतं. आम्ही नुकतेच सांगली, कोल्हापूर, आजरा, आंबोली करत वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन आलो. सोबत आई आणि सहावीतली लेक होती, म्हणून या वेळी हवामानाकडे बारकाईनं बघितलं. पुढच्या आठवड्यात याच वाटेनं जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहितोय.

आधी अंदाज कुठे आणि कसा वाचायचा ते. कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे हवामान खात्याच्या विभागणीत 'मध्य महाराष्ट्र' या नावाखाली येतात. आजरा कोल्हापूर जिल्ह्यात, पण त्याच रस्त्यावर पुढे लागणारी आंबोली सिंधुदुर्गात, म्हणजे 'कोकण-गोवा' विभागात. या वाटेनं जाणाऱ्यानं दोन्ही विभागांचे अंदाज बघायलाच हवेत. आम्ही निघालो तेव्हा मध्य महाराष्ट्रासाठी 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असा इशारा होता आणि कोकणासाठी उष्ण, दमट हवा. तुरळक ठिकाणी म्हणजे विभागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. 'तुरळक' वाचून सहल रद्द करायचं काही कारण नाही. मात्र ज्या गावावर तो ढग फुटतो तिथे तो तुरळक राहत नाही, हे आम्ही आजऱ्यात अनुभवलं.

पहिला मुक्काम सांगलीत होता. सकाळी तासगावच्या बाजूला गेलो. या दिवसांत तिकडे बेदाण्याचा हंगाम असतो. शेडमध्ये एकावर एक जाळ्यांचे थर, त्यावर पसरलेली द्राक्षं, वर छप्पर आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून या रॅकवर टाकतात आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. त्याला कोरडी हवा आणि वाहता वारा लागतो. पावसाची झड आत आली किंवा हवा दोन दिवस दमट राहिली की माल काळा पडतो आणि दर उतरतो. एका शेडवरच्या मामांना विचारलं, अंदाज कसा बघता? ते म्हणाले, "मोबाईल बघतोच की. पण दुपारी वारं पडलं आणि अंगाला चिकचिक लागली की कागद बांधायला घेतो आम्ही. मग फोन काय का म्हणंना." हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. त्यामागे शास्त्र आहे. मार्च ते मे या काळात दक्षिण महाराष्ट्राच्या आसपास वाऱ्यांची दिशा जिथे बदलते असा एक पट्टा वरचेवर तयार होतो, आणि समुद्रावरचं बाष्प तिथे तापलेल्या कोरड्या हवेला येऊन मिळतं. जमीन तापून दुपारी हवा वर उसळते आणि ढग उंच होत जातो. म्हणून वळीव बहुधा दुपारी तीननंतर येतो, आणि चिकचिक ही त्याची आगाऊ सूचना असते. आम्हाला पुढच्या प्रवासात मामांच्या त्या एका वाक्याचा फार उपयोग झाला.

कोल्हापुरात दुपारचं ऊन कडक होतं, पण रात्री हवा बरी. जोतिबाला जाणार असाल तर सकाळी आठच्या आत डोंगरावर पोचा. अकरानंतर आवारातल्या फरशीवर अनवाणी चालणं म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना सोसत नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तिथे लाखोंची गर्दी असते. त्या सुमारास स्वतःची गाडी वर न्यायचा विचारही करू नये.

कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर करत आजऱ्याला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आभाळ निळं होतं, पूर्वेला फक्त पांढरे गड्डे दिसत होते. जेवण होईपर्यंत वारा पूर्ण पडला आणि शर्ट पाठीला चिकटला. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज उघडला, तर कोल्हापूर जिल्ह्याला विजांचा इशारा. 'दामिनी' ॲपवर आसपास वीज पडल्याच्या खुणा दिसत होत्या. हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलंय, मराठीतही चालतं, निघण्याआधी फोनवर घ्याच. घाट अजून पुढे होता. आई म्हणाली, "बस इथंच. पळून कुठं जायचंय?" आम्ही थांबलो.

साडेतीनच्या सुमारास आधी धूळ आली. हॉटेलच्या दारातले फलक आडवे झाले, समोरच्या दुकानाची ताडपत्री उडाली, आणि काही मिनिटांत हवेत इतका गारवा आला की लेकीनं शाल मागितली. मग थेंब, मग हरभऱ्याएवढ्या गारा. विजा अगदी जवळ कडाडत होत्या. पाऊण तासात सगळं ओसरलं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर आणखी अर्धा तास थांबूनच गाडी काढली. हा नियम जरूर पाळा, कारण पाऊस थांबल्यावरही वीज पडते. वाटेत तुटलेल्या फांद्या आणि पानांचा चिखल होता. पुढे काही किलोमीटरवर रस्ता ओला, नंतर नुसता दमट, आणि आंबोलीत पोचलो तर फुफाटा उडत होता! तिथे थेंबही पडला नव्हता. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय ते त्या एका दुपारी आम्हाला पटलं.

जून ते सप्टेंबरात पाण्यात बुडालेली आंबोली या दिवसांत फार वेगळी दिसते. मुख्य धबधबा जवळजवळ कोरडा असतो, त्यामुळे फक्त त्यासाठी येऊ नका. हिरण्यकेशीच्या उगमावर मात्र नक्की जा. गुहेतून येणारं पाणी थंडगार असतं. घाट उजेड असतानाच उतरलो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा निसरडा थर होतो, म्हणून वळणांवर वेग अगदी कमी ठेवा. दुचाकीवाल्यांनी तर सर येऊन गेल्यावर लगेच घाटात उतरूच नये.

सावंतवाडीत गाडीची काच खाली केली आणि वेगळाच उकाडा अंगावर आला. वेंगुर्ल्यात पारा कोल्हापूरपेक्षा बराच खाली होता, तरी आईला त्रास तिथेच जास्त झाला, कारण घाम सुकत नाही आणि रात्रही थंड होत नाही. किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून गरम वारा येतो आणि दुपारच्या आत समुद्राचा वारा सुरू होतो. तो लवकर आला तर दिवस सुसह्य जातो. पूर्वेचा वारा दुपारपर्यंत टिकला तर पारा झपाट्यानं चढतो. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून होतो, किनाऱ्यावर 37 पासूनच, ते याच दमटपणामुळे. कोकणातला 35 हा आकडा देशावरच्या 35 सारखा समजू नका. पाण्यासोबत मीठ-साखर जायला हवं. आम्ही कोकम सरबत आणि ताक यांवर दिवस काढले आणि अकरा ते चार घराबाहेर पडलो नाही. सागरेश्वरचा किनारा सकाळी सात वाजताच सुंदर असतो.

आमचे यजमान आंबा-काजूवाले. ढग दिसला की त्यांच्या घरात बोलणं थांबायचं. तयार होत आलेल्या हापूसवर पाऊस पडला की करपा, म्हणजे काळे डाग पाडणारा रोग, येतो, आणि सोसाट्याच्या वाऱ्यानं फळ झडून खाली पडतं. या दिवसांत बागेतून थेट आंबा घेणार असाल तर चार पैसे कमी करायला घासाघीस करू नका, ही माझी मनापासून विनंती.

येत्या आठवड्यात निघणाऱ्यांनी हवामान याच धाटणीचं धरून चालावं: देशावर तापलेली दुपार आणि कुठेतरी वळीव, कोकणात दमट उकाडा. आठवड्याचा अंदाज मुक्कामांचा क्रम ठरवायला वापरा, रोज सकाळी जिल्ह्याचा पिवळा-नारिंगी इशारा बघा, आणि घाटाच्या तोंडाशी तीन तासांचा अंदाज बघूनच पुढे जा. कोल्हापूरहून सहाला निघालात तर अकराच्या आत आरामात सावंतवाडीत असाल. वाटेत विजांनी गाठलंच तर झाडाखाली किंवा पत्र्याच्या टपरीत थांबू नका, काचा बंद करून गाडीतच बसा. गाडीही झाडापासून आणि विजेच्या खांबापासून दूर लावा. गारांची चिन्हं असतील तर पेट्रोल पंपाचं छत सगळ्यात सोयीचं. परतीला फोंडा घाटानं राधानगरीमार्गे यायचं असेल तरी वेळेचा हाच हिशेब ठेवा, कारण चढून वर आल्यावर दुपारचे ढग तिकडेही असतात. घाटात काम सुरू आहे का, वाहतूक वळवली आहे का, हे आदल्या संध्याकाळी स्थानिक माणसाला फोन करून विचारा.