‘आर्क्टिक’ची इंजिनरूम

माझी उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे बुडालेल्या जहाजाची हकीकत वाचताना कॅप्टनच्या आधी मी इंजिनवाल्यांचं काय झालं ते शोधतो. ‘आर्क्टिक’च्या बाबतीत जे सापडलं, त्यानं मान खाली गेली.

‘आर्क्टिक’ अमेरिकेच्या कॉलिन्स लाइन या जहाज कंपनीची. १८५० साली न्यूयॉर्कला पाण्यात उतरली. लाकडी बांधणी, बाजूंना मोठी वल्हीचाकं, आत नुसती श्रीमंती. १८५२ च्या फेब्रुवारीत तिनं न्यूयॉर्कहून लिव्हरपूल पावणेदहा दिवसांत गाठलं. सरकार टपालासाठी घसघशीत अनुदान देत होतं आणि त्या बदल्यात वेग मागत होतं.

२७ सप्टेंबर १८५४. न्यूफाउंडलंडजवळ दाट धुकं, तरी बोट पूर्ण वेगात. ‘व्हेस्टा’ नावाची छोटी फ्रेंच लोखंडी बोट येऊन आदळली. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पार चेपली, म्हणून कॅप्टन ल्यूसनं आधी तिच्याच मदतीला होडी पाठवली. मग कळलं, भोकं आपल्यालाच पडली आहेत! गाद्या कोंबल्या, शीड खाली सोडून बघितलं, पाणी थांबेना. ल्यूसनं केप रेसकडे, म्हणजे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याकडे, पळ काढला. पाणी भट्ट्यांपर्यंत चढलं, वाफ गेली, चाकं थांबली.

बोटीवर ४०० च्या आसपास माणसं आणि होड्या सहा. त्यांत निम्मीसुद्धा मावली नसती. चीफ इंजिनीअर आपली माणसं घेऊन एका होडीतून निसटला. बाकीच्या होड्यांवरही खलाशांचीच झुंबड. वाचलेल्यांत बहुतेक बोटीवरचेच नोकर. बाई किंवा मूल एकही नाही. मालक कॉलिन्सची बायको आणि दोन मुलंही गेली. ल्यूस वाचला, त्याचा मुलगा नाही.

इंजिनरूमच्याच स्ट्युअर्ट हॉलंड या शिकाऊ पोरानं मात्र इशाऱ्याची तोफ बोट बुडेपर्यंत डागली. चीफ होडीत आणि शिकाऊ पोर तोफेपाशी! आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हे एकदा वाचावं.

आणि ‘व्हेस्टा’? नाळ गेली, पण मागचं लोखंडी बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारी आडभिंत, टिकलं. ते आतून टेकू देऊन पक्कं केलं आणि बोट रडतखडत न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराला पोहोचली. इतक्या महागड्या ‘आर्क्टिक’मध्ये अशी एक आडभिंत नव्हती.

सरकारी चौकशी झालीच नाही. १८५६ च्या जानेवारीत कॉलिन्सची ‘पॅसिफिक’ही अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली आणि १८५८ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. त्या चीफला जाब कुणीच विचारला नाही.