गुडघा, मटार आणि सुया

जुलैत ठाण्यात येऊरच्या डोंगरावरून उपवन तलावाकडे उतरताना शेवाळलेल्या दगडावर माझा डावा पाय बाहेर सरकला, गुडघा आत वळला आणि आतल्या बाजूला काहीतरी उसवल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. सासूबाई कोमट तेल घेऊन चोळायला बसल्या होत्या. ताज्या दुखापतीवर मालीश नको, हे मला ठाऊक होतं म्हणून वाचले.

एमआरआयत एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडं जोडून ठेवणारं लिगामेंट, अर्धवट फाटलेलं निघालं, ग्रेड दोन. याला रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे ते बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भरतं. गुडघ्याच्या मधोमध असलेलं एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलं तर तसं नसतं. म्हणून आधी निदान करून घ्या, बर्फ आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया नंतर.

बर्फाची चूक मात्र मी केलीच. पहिल्या रात्री बर्फ थेट कातडीवर ठेवला आणि तशीच झोपले. सकाळी तिथे लालभडक चट्टा आणि आग आग. मग फिजिओने शिकवलं: ओल्या पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, मग दोन तास विश्रांती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जास्त वेळ नाही, तिथे एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. सगळ्यांत सोयीची ठरली गोठवलेल्या मटारची पिशवी. वाटीभोवतीच्या खळग्यांत ती बरोब्बर बसते. १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांनी दुखापतीवर बर्फाचा सल्ला रूढ केला आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. म्हणून मी दुखणं कमी करण्यापुरताच, पहिले तीन-चार दिवस वापरला.

तिसऱ्या आठवड्यात अडले. दुखायचं म्हणून गुडघा वाकवत नव्हते, आणि वाकवत नव्हते म्हणून आखडत चालला होता. डॉक्टरांना विचारून नौपाड्यात अ‍ॅक्युपंक्चरला गेले. वाटीखाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात त्यांना चिनी भाषेत ‘गुडघ्याचे डोळे’ म्हणतात. तिथे केसासारख्या बारीक सुया. टोचल्याचं जेमतेम कळलं, पण आत गेल्यावर एक जडशी ठणक पोटरीपर्यंत उतरली. वीस मिनिटं डोळे मिटून पडून होते. त्या संध्याकाळी टाच पलंगावरून नेहमीपेक्षा चार बोटं जास्त मागे आली, आणि मला रडू आलं.

सुयांनी लिगामेंट जोडलं असं मी म्हणणार नाही. सहा वेळा गेले, दर वेळी दुखणं उतरलं आणि त्या उसंतीत व्यायाम झाला. मांडीत ताकद आली ती व्यायामाने. जाणार असाल तर नोंदणी विचारा, आपल्या महाराष्ट्रात या पद्धतीसाठी वेगळा कायदा आहे. सुया सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढतात का, तेही बघा.

दहाव्या आठवड्यात ठाणे स्टेशनच्या पुलावरून कठडा न धरता उतरले. रोज टाच मागे घेताना मोजणी सासूबाईच करायच्या, एकही चुकवू द्यायच्या नाहीत. मटारची ती पिशवी अजून फ्रीजरमध्ये आहे. चुकून भाजीत जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘गुडघा’.