धोडपची खाच काही जवळ येईना

नवस आईचा होता, माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिनं चौदा चैत्र मनमाड ते सप्तशृंगीचा गड पायी केलेत. यंदा गुडघ्यांनी हात टेकले आणि घरातलं कोणीतरी पायीच गेलं पाहिजे असं ठरलं. कोणीतरी म्हणजे मी, कारण भावाला सुट्टी नव्हती आणि मला नाही म्हणता येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आईनं रस्ता सांगितला. त्यात ना किलोमीटर ना फाटे. "शेंडी मागं पडली की पहिला चहा. चांदवडच्या रेणुकेला हात जोडायचे, पण बसायचं नाही, बसलास की पाय आखडतात. मग उजव्या हाताला डोंगर धरून चालायचं. धोडपची खाच डोक्यावर आली की निम्मी वाट झाली. मार्कंड्या दिसला की गप्पा बंद." म्हटलं, आई, मोबाइलमध्ये मॅप आहे. ती म्हणे, मॅपला पाय असतात का.

पहाटे तीनला निघालो. एकादशी होती, चंद्र मावळायच्या बेतात. गल्लीतले सत्तावीस जण, पुढं झेंडा, मागं ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि ट्रॉलीत आमच्या वजनापेक्षा जास्त वजनाचे स्पीकर. डाव्या अंगाला मागं अंकाईच्या बाजूला हडबीची शेंडी अंधारात उभी. ट्रेकवाली पोरं तिला थम्सअप म्हणतात आणि दिसतेही तशीच, मूठ वळून अंगठा वर केल्यासारखी. आमचं सगळं लहानपण तिच्या समोर गेलं, रेल्वेतून येताना ती दिसली की बॅगा खाली काढायच्या. त्या पहाटे मात्र दर दहा मिनिटांनी मागं वळून बघायचो आणि ती तिथल्या तिथं. पहिला चहा आईच्या हिशेबानं प्यायचा म्हणून थांबलो असतो तर चांदवडच आलं असतं.

चांदवड आलं, रेणुकामातेला हात जोडले, बसलो नाही. (बसलो. पाच मिनिटं. आईला सांगू नका.)

चांदवडच्या पुढं हायवे. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात, हवेच्या झोतानं टोपी उडते, आणि आपल्याच ट्रॉलीवर देवीचं गाणं लागलंय पण चाल कुठल्या तरी लग्नातल्या गाण्याची. देवीच्या नावानं मी इतका वैतागेन असं वाटलं नव्हतं. उजव्या हाताला सातमाळ्याची रांग सुरू होते. इंद्राई, राजदेर, कोळदेर, मग कांचना. नावं मला आधी येत नव्हती, आमच्यात इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता तो एकेकाकडं बोट करून सांगत होता. म्हणे, हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक ओतलेले, म्हणून सगळ्या डोंगरांना सारख्याच आडव्या पट्ट्या. नीट बघितलं तर खरंच, कोणीतरी डोंगरांना एकाच पट्टीनं रेघा मारल्यात. कडा, मग उतार, मग परत कडा.

आणि मग धोडप. एका वळणावर तो दिसला आणि दिवसभर गेलाच नाही. माथ्यावर पिंडीसारखा उंचवटा, त्याला लागून एक लांब सरळ भिंत आणि त्या भिंतीत मधेच चौकोनी खाच. कोणी करवतीनं कापून तुकडा काढून घेतल्यासारखी. पोरगा म्हणे ही भिंत म्हणजे डाईक, जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि ही कडक भिंत तेवढी उरली. आमच्या दिंडीचे नाना शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं. पण त्या लाव्ह्याला तिथंच थिजायला कोणी सांगितलं?" पोरगा गप्प. मला दोघांचंही पटलं, आणि त्या उन्हात दोघांचाही राग आला.

१७६८ साली याच धोडपखाली माधवराव पेशव्यांनी राघोबादादाला हरवलं, चुलत्या-पुतण्याची लढाई. हे मला शाळेपासून माहीत होतं. चालताना मात्र एवढंच डोक्यात की ते सगळे घोड्यावर होते.

वडाळीभोईला पहिला मुक्काम झाला असावा. असावा म्हणतोय कारण दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि पहिल्या दिवशीची संध्याकाळ माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलीये. पोहे दोनदा खाल्ले एवढं नक्की. कोणाच्या तरी घोरण्यानं रात्रभर मंडप हलत होता. नवे स्पोर्ट्‌स शूज घेतले होते, दुकानदार म्हणाला होता पायात आहेत हे कळणारसुद्धा नाही. कळलं. डाव्या टाचेला बोरायेवढा फोड, उजव्या चवड्याला त्याचा भाऊ.

धोडांब्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. डांबर चिकटायला लागलेलं. दिंडी पुढं गेली, ट्रॉली पुढं गेली, गाणं बारीक होत होत बंद पडलं, आणि मला हवी होती ती शांतता मिळाली तर नेमकी तेव्हा रडू यायला लागलं. समोर ती खाच. एक तास चाललो, खाच तेवढीच. अजून अर्धा तास, तेवढीच. मोठी होईना, सरकेना. मी तिला शिव्या दिल्या, खरंच, मोठ्यानं. देवीच्या वाटेवर असताना. मग घाबरून कानाला हात लावले.

शिव्या ऐकायला माणूस होतं. रस्त्याकडेला कांद्याची चाळ, उन्हाळ कांदा काढून नुकता आणलेला, आणि सावलीत एक आजी पाय पसरून कांदे निवडत बसलेल्या. बारीक एका बाजूला, जोडकांदा एका बाजूला. मान वर न करता म्हणाल्या, "डोंगराला कशाला बोलतो रे बाबा, तो काय कर्ज मागतोय का तुला."

मी तिथंच बसलो. त्यांनी पाणी दिलं, तेही लगेच नाही, "आधी श्वास घे, मग पी". मग म्हणाल्या काढ ते बूट. मी मोजे काढले तर त्या स्वतःशीच हसल्या. आत गेल्या, सुई आणली, तिच्यात हिरवा दोरा. काडी पेटवून सुईचं टोक लाल केलं, पदराला पुसलं (इथं माझ्या मनात आलं की मग तापवलं कशाला, पण बोललो नाही), आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सत्तरीची बाई, मी चाळिशीचा, आणि तीन दिवस न धुतल्यासारखा तो पाय. मी मागं ओढायला लागलो तर फटका बसला. सुई फोडाच्या एका कडेनं घातली, दुसऱ्या कडेनं काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूला बोटभर शेपट्या सोडून कापला. "कातडं काढायचं नाही, दोरा काढायचा नाही. पाणी दोऱ्यानं येतं बाहेर. घरी गेल्यावर काढ." पाणी खरंच दोऱ्यावरून थेंब थेंब यायला लागलं आणि टाचेतला तो ठणका, जो मला सकाळपासून धोडपयेवढा वाटत होता, हळूहळू बसला. वरून एरंडेल चोळलं. हाताला कांद्याचा वास, कांद्याची फोलपटं माझ्या पायाला चिकटलेली.

मी विचारलं, आजी, तुम्ही जाता का गडावर? तर म्हणे, "तिची यात्रा आली की कांदाबी येतो. तिला माहितीये मी कुठं असते ते." मग खाचेकडं बघून म्हणाल्या, "माझ्या सासूचा असाच पुढला दात पडलेला होता. हसली की धोडप दिसायचा."

किती वेळ बसलो कोण जाणे. भाकरी, कांदा, मिरचीचा ठेचा झाला. पैसे द्यायची हिंमत झाली नाही. निघताना त्यांनी बूट पिशवीत टाकले आणि त्यांच्या मुलाची जुनी चप्पल दिली, एक नंबर मोठी. फटक फटक करत चाललो. थोड्या वेळानं मान वर केली तर खाच नव्हती. बाजू बदलली होती, भिंत आता कोनातून दिसत होती आणि खाच मागं लपली होती. कधी गेली कळलंच नाही. वाईट वाटलं, कशाचं ते सांगता येत नाही.

पुढचं भरभर सांगतो. वणी. गर्दी. रसवंतीवाल्याकडं चार ग्लास. रवळ्या-जावळ्या जुळे डोंगर, मग मार्कंड्या आणि गप्पा आपोआप बंद. नांदुरीच्या पायथ्याला खानदेशातून आलेली माणसंच माणसं, धुळ्याकडची, जळगावकडची, अहिराणीत गाणी चालू. खानदेश देवीचं माहेर म्हणतात, तर माहेरची माणसं आल्यावर घरात जो गोंधळ होतो तोच. कोणाचं तरी पोर हरवलं होतं, माइकवर सारखं नाव पुकारत होते, ते सापडेपर्यंत आमच्यातलं कोणी चढायला तयार होईना.

चतुर्दशीच्या दुपारनंतर रांगेला लागलो. रोप वे आहे आता, पायी आलेल्यांनी त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचं असतं. गाभाऱ्यात पोचलो आणि साधारण चार सेकंद मिळाले. ते डोळे. अठरा हात. २०२२ ला शेंदराचा जुना थर काढला तेव्हापासूनचं रूप मी बघितलंच नव्हतं. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की ही बाई कड्यातच कोरलेली आहे, म्हणजे तीन दिवस उजव्या हाताला जो दगड धरून आलो तोच दगड इथं येऊन डोळे उघडून बसलाय. मान जराशी कललेली, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगायचे ते ऐकायला. नवसाचं नारळ दिलं, आईचं नाव घेतलं, माझं घ्यायचं राहिलं, तोवर सेवेकऱ्यानं खांद्याला धरून पुढं ढकललं. राग आला. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि नाना काही विचारणार तेवढ्यात हुंदका आला. नानांनी काही विचारलं नाही, तंबाखू मळत बसले.

रात्री दरेगावचे गवळी शिखरावर ध्वज लावायला चढतात. त्या सुळक्याला वाट नाही, दिवसा बघितलं तरी पोटात गोळा येतो. पहाटे मान मोडेस्तोवर वर बघितलं, फडफडत होता. कसे चढले असतील हे विचारायचं नसतं म्हणे.

परत एसटीनं. तीन दिवसांची वाट अडीच-तीन तासांत उलटी गेली आणि मी ठरवलं होतं की चाळ आली की खिडकीतून बघायचं, पण झोप लागली. जाग आली तेव्हा हडबीची शेंडी दिसत होती.

घरी आईनं आधी पाय बघितले. दर्शनाचं नंतर. चष्मा लावून टाच उजेडाकडं वळवली, दोऱ्याची शेपटी चिमटीत धरली.

"हिरवा? हा कोणी घातला?"

"वाटेत एका आजींनी. धोडपजवळ."

"कांद्याच्या चाळीत?"

मी बघतच राहिलो. तिनं दोरा एका झटक्यात ओढून काढला, मी ओरडलो, आणि ती म्हणाली, "मला लाल घातला होता."