रणातली हिमालयन: चिमटा सरळ झाला, मीठ अजून निघतंय

मंडळी, गाडी भिवंडीच्या गोदामात उतरली आणि छोट्या टेम्पोने कशेळीच्या पुलावरून कोलशेतला घरी आली, इथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. त्यानंतर बरंच काम झालंय. पुढचा भाग पूर्ण बसलाय, इंजिन सुरू झालंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन, जुनी ४११ सीसीची, २०१९ची, एबीएसवाली. जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ दोन गाड्या घेऊन कच्छला गेलो होतो. धोलावीरा बघून रापरच्या दिशेने निघालो. तिथे रस्ता रणातून बांधावरून जातो. नीलगाय आडवी आली, गाडी कडेला उतरली, पुढचं चाक बांधाच्या पिचिंगवर, म्हणजे उताराला लावलेल्या दगडांवर, आदळलं आणि गाडी डाव्या कुशीवर खालच्या चिखलात गेली. माझं मनगट मुरगळण्यावर निभावलं. ट्रॅक्टर येऊन गाडी वर काढेपर्यंत दुपार टळून गेली होती, तोवर ती त्या चिखलातच होती.

वरून दिसणारं नुकसान असं: चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) मागे वाकलेला, पुढची २१ इंची रिम एका जागी चपटी, हँडल, लेगगार्ड आणि क्लच लिव्हर गेलेले, टाकीला पोचा. विम्याचा सर्व्हेअर येऊन फोटो काढून जाईपर्यंत मी एकही नट हलवला नाही, आणि तुम्हीही हलवू नका. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मी किंमत घसाऱ्यात कापली जाते, हे आधीच धरून चाला.

पण ही नोंद मुख्यतः मिठाबद्दल आहे. वाकलेला पार्ट दिसतो, मोजता येतो, बदलता येतो. रणातला चिखल म्हणजे पावसाळ्यात आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचा उरलेला गाळ. वरचा पांढरा थर सुकलेला दिसला तरी खाली ओलं असतं, आणि ते ओलं माझ्या गाडीच्या प्रत्येक फटीत गेलं होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. कच्छच्या जानेवारीतल्या कोरड्या हवेत ते नुसतं पडून राहतं. ठाण्यात, खाडीच्या कुशीत, तेच मीठ ओलं होतं. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचा पार्ट आणि मध्ये खारं पाणी, एवढं जमलं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. म्हणजे माझ्यासाठी खरी मुदत पावसाळ्याची होती. जूनच्या आत मीठ बाहेर काढायचंच, असं ठरवून बसले.

सर्वात आधी बॅटरीची मायनस काढली. मग टाकी, सीट, साइड पॅनल, हेडलाईटची फ्रेम, सगळं उतरवलं. धुताना प्रेशर पंप मुद्दाम वापरला नाही. त्याच्या जोराने खारं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं. साधा नळीचा मंद प्रवाह, बराच वेळ, वरून खाली. मीठ निघालंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून घरात प्युरिफायरचं पाणी तपासायला ठेवलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) खाली पार्किंगमध्ये आणला. नळाचं पाणी ६०च्या आसपास. इंजिनखाली ठेवलेल्या टबातल्या पहिल्या पाण्याचं रीडिंग २०००च्या वर गेलं. गाळ बसू दिला, पुन्हा मोजलं, तेवढंच. मग धुवायचं, निथळू द्यायचं, मोजायचं. आकडा १५०च्या खाली आला तेव्हा वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी लेगगार्डचा पाइप उलटा केला तर आतून चमचाभर राखाडी पाणी आलं आणि मीटर परत हजाराच्या वर. पोकळ पाइप, हँडलबार, कॅरिअरच्या नळ्या, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) पोकळी, ही ठिकाणं लक्षात ठेवा. पावसात चिखलातून गाडी काढणाऱ्यांना याची गरज पडणार नाही, पण अलिबाग-मुरूडच्या वाळूत गाडी नेणाऱ्यांनी हा मीटरचा उपाय करून बघाच.

आता चिमटा. उजवा पाइप डोळ्यांनाच वाकलेला दिसत होता, प्रश्न डाव्याचा होता. तो घेऊन वागळे इस्टेटला लेथवाल्या मामांकडे गेले. दोन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) पाइप ठेवला, मधोमध डायल गेज, म्हणजे सुईचं मापक, लावला आणि हळूहळू फिरवला. सुई ०.४० मिलिमीटर हलली.

“ताई, सुई चाळीस सांगते, पण वाक वीसचाच. सुई नेहमी दुप्पट दाखवते.”

“मग प्रेसवर सरळ होईल?”

“होईल की. पण आधी नख फिरवून बघा.”

नख फिरवलं. खालची टी (चिमट्याचे दोन्ही पाइप एकत्र धरणारा भाग; एक वर, एक खाली असतो) जिथे पाइपला धरते त्या कडेला क्रोमवर केसाएवढी रेघ होती आणि नख तिथे अडकत होतं. हिमालयनच्या ४१ मिलिमीटरच्या पाइपवर क्रोम एकदा चिरलं की तिथून गंज धरतो आणि तोच गंज पुढे ऑइल सील फाडतो. शिवाय माझ्या पाइपला मिठाचं पाणी लागलेलं. दोन्ही पाइप नवीन घेतले. मामांना सरळ करण्याचे पैसे मिळाले असते, तरी त्यांनीच नको म्हटलं. असा कारागीर जवळ असणं हे वागळे इस्टेटचं मोठं सुख आहे.

पाइप घेण्याआधी चेसिस मात्र बघून घेतली होती. नेकच्या, म्हणजे चेसिसला चिमटा जिथे बसतो त्या जागेच्या, वेल्डिंगपाशी रंगाला तडे किंवा सुरकुत्या असतील तर बाकी खर्च करण्यात अर्थ नसतो. टॉर्च लावून, कापडाने पुसून, आरसा धरून सगळी बाजू पाहिली. रंग साफ होता. वरची टी काचेवर ठेवली, ती डुगडुगली नाही. खालची डुगडुगली, म्हणून खालची बदलली. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) काढला तर खालच्या रेसमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या कड्यात, ग्रीसचं राखाडी पीठ झालेलं आणि त्यात पांढरे कण. हँडल फिरवताना काहीच जाणवत नव्हतं, तरीही आत हे होतं. रणातून आलेल्या गाडीचा कोनसेट चांगला वाटला तरी उघडा.

रिमचं काम मी स्वतः केलं नाही. ते हात वेगळे असतात. निपल (स्पोक आवळायचे छोटे नट) मिठाने इतके धरले होते की बरेच स्पोक कापावे लागले. रिमवाल्या काकांनी नवी रिम विणली आणि आउट काढताना, म्हणजे रिमचा डुगडुगाट घालवताना, प्रत्येक स्पोकवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारून आवाज ऐकत गेले. जिथे आवाज बोदा यायचा तिथे निपल थोडा आवळायचे.

सगळं बसवल्यावर दोरीची परीक्षा घेतली. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना चिकटवून दोरी ताणत पुढे न्यायची. मागचा टायर १२०चा, पुढचा ९०चा, म्हणजे पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ मिलिमीटर फट राहायला हवी. टायरची खरी रुंदी थोडी इकडेतिकडे असते, म्हणून आकड्यापेक्षा दोन्हीकडे सारखी फट असणं महत्त्वाचं. डावीकडे १४, उजवीकडे १६ आली. टीचे बोल्ट सैल केले, चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडल किंचित पिळलं, परत आवळलं. आता दोन्हीकडे १५. त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीसमोर नुसती बसून होते. फार बरं वाटलं.

वायरिंगला सर्वात जास्त वेळ गेला. हेडलाईटमागचे कपलर (वायरी जोडायचे प्लग), साइड स्टँडच्या स्विचचा कपलर आणि रेग्युलेटरचा कपलर उघडले, तिन्हीत हिरवं चढलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. अर्थिंग तपासायला मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि सेल्फ मारला. ०.७ व्होल्ट आले. इतका व्होल्टेज वाटेतच गळत असेल तर सेल्फ दमणारच. अर्थिंगचा बोल्ट काढून, जागा घासून, पुन्हा बसवल्यावर ०.१.

राहिलेलं सांगते. एबीएसचा दिवा चाक फिरल्याशिवाय विझत नाही, त्यामुळे पुढचा सेन्सर वाचला की नाही हे रस्त्यावरच कळेल. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे पिन अजून उघडायचे आहेत, टाकीचा पोचा तसाच ठेवणार आहे. रविवारी पहाटे कोलशेत रोडवर पहिली चक्कर, ब्रेक हलके मारत. सगळं ठीक वाटलं तर गायमुखपर्यंत. नव्या विणलेल्या रिमचे स्पोक थोडं चालवल्यावर बसतात आणि सैल पडतात, म्हणून तिथून आल्यावर गाडी आधी रिमवाल्या काकांकडे जाईल.