मशीन चुकत नसतंय वहिनी

क्राइम सिरीज बघायचा मला नाद आहे, लपवण्यात काही अर्थ नाही. जेवताना, भांडी घासताना, झोप येत नसली की, कायम काहीतरी चालू असतं. आणि चॉइस पण काही फार उच्च वगैरे नाही हां, पहिल्या दहा मिनिटांत प्रेत सापडलं नाही की मी पुढच्या सिरीजवर जातो. वरून शहराचा ड्रोन शॉट, मागं तो ढुंम्म असा आवाज, मग शेजारचे काका सांगणार की पोरगा तसा शांत होता, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. सगळं पाठ झालंय आता.

त्यामुळं पोस्टातल्या हिशेबात तूट येते या विषयावर चार भागांची मालिका आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी उडवूनच लावलं असतं. पण झालं असं की जानेवारी २०२४ ला मी ऑनसाइट होतो, म्हणजे कंपनीच्या कामावर, इंग्लंडमधल्या रेडिंगला, बाहेर चार वाजताच अंधार, सुट्टी, खिचडी लावलेली, आणि घरमालकीणबाईंनी खालच्या खोलीत टीव्ही लावला होता म्हणून जाऊन बसलो. आयटीव्हीवर १ जानेवारीला 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' चा पहिला भाग होता. खिचडी खाली लागली, एवढंच सांगतो.

तिकडं खेड्यात पोस्ट म्हणजे बऱ्याचदा किराणा दुकानच असतं, एका कोपऱ्यात काच लावलेलं काउंटर. चालवणारा सबपोस्टमास्टर पगारी नोकर नसतो, स्वतःचे पैसे घालून दुकान घेतो आणि पोस्टाशी करार करतो. म्हाताऱ्यांची पेन्शन तिथंच, गावभरच्या गप्पा पण तिथंच. तर १९९९ पासून या सगळ्या काउंटरवर हॉरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम बसवायला लागले, फुजित्सू कंपनीची. त्याआधी हिशेब वहीत असायचा. वही गेली, स्क्रीन आला, आणि संध्याकाळी हिशेब जुळेना.

मालिकेत जो हॅमिल्टन म्हणून बाई आहे, खरीखुरी, हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावची. दुकानात केक-बिक करणारी, गोड बाई. रात्री एकटी बसलीय हिशेब लावत, तूट दाखवतोय दोन हजार पौंडाची, घाबरून हेल्पलाइनला फोन लावते, पलीकडचा सांगेल ती बटणं दाबत जाते, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती तूट डबल होते. चार हजार! आणि पलीकडचा काय म्हणतो, तर ती तुम्हाला भरावी लागेल, करारात तसं आहे. आणि मग ते वाक्य, जे पुढं जवळपास सगळ्यांना ऐकवलं गेलं, की असा प्रॉब्लेम फक्त तुमच्याकडंच येतोय, बाकी कुणाची तक्रार नाही.

मी तिथं गार पडलो. कारण हे वाक्य मी दोन ठिकाणी ऐकलेलं होतं, आणि त्यातल्या एका ठिकाणी मीच बोललेलो होतो.

मी टेस्टर आहे, सॉफ्टवेअरचा. बारा वर्षं हेच करतोय. आमच्याकडं यूजरची तक्रार आली की तिकीट उघडतं आणि ते बंद करायचे दोन सोपे मार्ग असतात, एक म्हणजे आमच्या मशीनवर असं होत नाही, आणि दुसरा, यूजर एरर, म्हणजे चूक वापरणाऱ्याचीच. महिनाअखेर असेल, तिकिटांचा आकडा खाली दाखवायचा असेल तर यूजर एरर हा शब्द फार कामाचा. मी तो किती वेळा टाकलाय याची गणती नाही. पलीकडं कोण बसलंय, त्याच्या खिशातून किती गेले, हे त्या तिकिटात कुठं लिहिलेलं नसतं ना.

आणि दुसरं ठिकाण म्हणजे आमचं घर. आई तासगावात एका पतसंस्थेची पिग्मी एजंट होती, नाव कशाला सांगू. दुपारी चारला पिशवी काखोटीला मारून निघायची, पानपट्टी, सलून, भाजीवाल्या, चप्पल शिवणारे, रोज वीस रुपये, पन्नास रुपये, आणि वहीत टिपण. कमिशन तीन टक्के. मग २०१० च्या आसपास संस्थेनं हातात धरायचं मशीन दिलं, बारकी पावती निघणारं. सगळ्यांना भारी वाटलं, मला तर जास्तच, मी तेव्हा इंजिनिअरिंगला. पंधरा दिवसांत एक दिवस मशीन म्हणालं ५,४५० जमा झाले, आणि पिशवीत ४,३१०. आई दोन वेळा मोजली, तीन वेळा मोजली, बाबांनी मोजले, मी मोजले. ४,३१० च. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "मशीन चुकत नसतंय वहिनी, माणूस चुकतंय. बाकी कुणाची तक्रार नाही बघा." १,१४० रुपये तिनं घरातनं भरले. म्हणजे जवळपास दहा दिवसांचं कमिशन.

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, आई तूच दोनदा बटण दाबलं असशील.

आणि खरं सांगू का, दाबलंही असेल. बॅटरी उतरली की पावती अर्धीच यायची, मग ती परत दाबायची. पण दोनदा दाबलं तर दोनदा पैसे जमा धरायचे नाहीत एवढं त्या मशीनला कळायला पाहिजे की नको? हॉरायझनमध्ये अगदी असलाच एक बग होता, स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावाच्या नावानं ओळखतात त्याला. ८,००० पौंडांची रोकड आली म्हणून नोंद करताना स्क्रीन अडकला, माणसानं एंटर दाबलं, काही होईना म्हणून परत परत दाबलं, आणि सिस्टीमनं प्रत्येक एंटर नवी रोकड म्हणून धरलं. २४,००० ची तूट! आमच्याकडं शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात देतात ती टेस्ट केस आहे ही, डबल क्लिक. हे २०१५ मधलं आहे, सिस्टीम बसवून पंधरा वर्षं उलटून गेल्यावर.

आता मेन गोष्ट. तूट आली तर भरून टाकायची, पण नसतील पैसे तर? हिशेबाचा काळ संपला की खातं पुढं ओढायला लागतं, आणि त्यासाठी रोकड जुळली असं जाहीर करायला लागतं, नाही केलं तर सकाळी काउंटर उघडत नाही, बाहेर पेन्शनवाल्या आज्ज्या उभ्या. म्हणून लोकांनी जुळली असं दाबलं. आणि ते दाबलं की झाला गुन्हा, खोटा हिशेब. म्हणजे बघा, चोरी झालेलीच नाही, पण चोरीच्या भीतीनं जे केलं तो गुन्हा मात्र खरा. असला सापळा कुठल्या थ्रिलर लिहिणाऱ्याला सुचला नसता.

शिवाय पोस्ट ऑफिस स्वतःच खटले भरायचं. पोलीस नाहीत, सरकारी वकील नाहीत. पैसे गेले म्हणणारे तेच, तपास करणारे तेच, कोर्टात उभं करणारे पण तेच. आणि इंग्लंडच्या कोर्टात कॉम्प्युटर नीट चालतोय असं गृहीतच धरतात, चालत नव्हता हे तुम्ही दाखवा. पूर्वी उलटं होतं, यंत्र नीट होतं हे पुरावा आणणाऱ्याला दाखवायला लागायचं, ती अट १९९९ च्या कायद्यानं काढली. हॉरायझन पण १९९९ चंच! मी हे वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. गावातली केकवाली बाई फुजित्सूचा कोड चुकीचा आहे हे कसं दाखवणार?

जो हॅमिल्टनला सांगितलं, चोरीचा आरोप मागं घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल कर, ३६,००० पौंड भर, आणि हॉरायझनचं नाव घ्यायचं नाही. तिनं कबूल केलं. गावानं पैसे गोळा करून दिले आणि २००८ मध्ये निकालाच्या दिवशी अख्खं गाव विंचेस्टरच्या कोर्टात जाऊन बसलं. लोक कोर्टात बसलेत तो सीन बघताना मालकीणबाई उठून किचनमध्ये गेल्या. ब्रिटिश रडताना दिसत नाहीत, किचनमध्ये जातात.

ली कॅसलटन ब्रिडलिंग्टनचा सबपोस्टमास्टर. त्यानं हेल्पलाइनला ९१ फोन केले होते. एक्क्याण्णव! पंचवीस हजारांच्या तुटीवर कोर्टात भांडला, वकील परवडेना म्हणून स्वतःच उभा राहिला, हरला, आणि वर समोरच्यांच्या वकिलांचा खर्च ३,२१,००० पौंड त्याच्यावर. दिवाळखोर. सीमा मिश्रा, आपल्याकडूनच तिकडं गेलेली बाई, वेस्ट बायफ्लीटला पोस्ट चालवायची, २०१० मध्ये तिला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा ती गरोदर होती आणि त्या दिवशी तिच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. हे मी कुठल्या सिरीजमध्ये बघितलं असतं तर म्हणालो असतो लेखकानं जरा अतीच केलंय.

एकूण १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेच्या वर लोक दोषी ठरले, त्यातले सातशेच्या आसपास पोस्टानं स्वतः खटले भरलेले. २०२५ च्या चौकशी अहवालात म्हटलंय की किमान १३ जणांनी यापायी जीव दिला असावा. आणि यात खून एकही नाही.

आता ज्याच्या नावानं मालिका आहे तो ॲलन बेट्स. टोबी जोन्सनं काय केलंय ते काम, नुसतं स्वेटर घालून डोंगरात चालत जाणारा माणूस, आवाज चढत नाही, पण हलत पण नाही जागेवरनं. वेल्समध्ये लँडडनोजवळ त्याचं पोस्ट होतं, तूट भरायला सरळ नाही म्हणाला, २००३ मध्ये करार काढून घेतला. त्यानं काय केलं तर कागद ठेवले. प्रत्येक पत्र, प्रत्येक प्रिंट. मग बाकीचे असे लोक शोधले आणि २००९ मध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या हॉलमध्ये सगळे जमले. तिथं प्रत्येकाला कळतंय की अरे, मी एकटा नाही. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेचा जीव त्या हॉलमध्ये आहे, कोर्टात नाही. पुढं ५५५ जणांनी मिळून केस केली, २०१९ मध्ये जज फ्रेझरनी सिस्टीममध्ये बग होते असा निकाल दिला, तडजोड झाली ५ कोटी ७७ लाख पौंडांची, आणि वकील-खर्च जाऊन वाटायला राहिले एक कोटी वीस लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे माणशी वीस एक हजार. घर गेलेलं असताना.

आणि इथं मला एक गोष्ट खटकते, बरीच खटकते. हे सगळं आधी सांगून झालं होतं हो! 'कॉम्प्युटर वीकली' ने २००९ मध्येच छापलं होतं. बीबीसीच्या पॅनोरामाने २०१५ मध्ये डॉक्युमेंटरी केली, त्यात फुजित्सूचा जुना इंजिनिअर सांगतो की आम्ही तिकडं बसून पोस्टमास्तरच्या खात्यात हात घालू शकत होतो, तेही त्याला न कळता. २०२१ मध्ये कोर्टानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. तेव्हा कुणाची झोप उडाली नाही. आणि १ ते ४ जानेवारीला मालिका दाखवली, तर १० जानेवारीला पंतप्रधान पार्लमेंटमध्ये उभे राहून सांगतायत की या शिक्षा रद्द करायला कायदा आणतो, आणि मे मध्ये कायदा झाला पण. पोस्टाच्या जुन्या सीईओबाईंनी सन्मान परत केला. आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी, जे लोक हवामान सोडून कशावर बोलत नाहीत, ते जोरजोरात भांडत होते.

मग डॉक्युमेंटरीवाले काय कमी पडले? मला वाटतं काहीच नाही, नटांनी केलं ते त्यांच्याच पत्रकारीवर उभं आहे. पण बातमी सुरू होते सातशे लोक इथनं, आणि मालिका सुरू होते रात्री एकटी बसलेली बाई आणि एक आकडा इथनं. आपल्याकडं चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघितला असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय, तिथंही कुणी व्हिलन म्हणून येत नाही, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि माणूस मात्र आत राहतो. तसलं काहीतरी. फक्त त्यासाठी पंधरा वर्षं थांबून नट शोधायला लागावेत याचा मला राग येतो, तो अजून गेला नाही.

परत आल्यावर आईला लॅपटॉपवर दाखवली. मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. तो डबल व्हायचा सीन आला तर आई स्क्रीनकडं बघून म्हणाली, "अगं हात लावू नको आता त्याला, बंद कर!" आणि मग मला, "हिची वही कुठाय?" म्हटलं वही नाही, सगळं कॉम्प्युटरमध्येच. "तिथंच फसली बाई," म्हणाली आणि उठली.

लोखंडी कपाटातनं डायऱ्या आणल्या तिनं. मला माहीतच नव्हतं ठेवल्यात म्हणून. मशीन आल्यावर पण ती वहीत लिहीतच होती, आणि त्या दिवसाच्या पानावर खाली ४,३१०, शेजारी ५,४५०, आणि १,१४० ला पेन्सिलीनं गोल. पावत्यांची चळत पानाला टाचलेली. मी टेस्टर ना, मला वाटलं आत्ता सापडतोय बग, एकाच खात्याच्या, एकाच मिनिटाच्या दोन पावत्या असणार. चष्मा लावून एकेक पावती उलटी-पालटी करून बघितली, बॅटरीच्या उजेडात धरली. थर्मल कागद. सगळ्या कोऱ्या झाल्यात.

आई म्हणाली ठेव ते, पुढचा भाग लाव.